राहून गेलेला भोंगा

माझ्या अल्बमबद्दल पहिल्यांदा कुठे काही लिहून आलं, तेव्हा त्या लेखात 'गढूळ' हा शब्द तीन वेळा होता. मी मोजला. एका संगीताच्या वेबसाइटवर कोणा शहरी माणसाने लिहिलं होतं. घुग्घुससारख्या कोळशाच्या गावातून इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूज वाजवणारा माणूस निघावा हेच मोठं आश्चर्य, असं सुरुवातीला म्हणून त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्याच ओळीत तोच हात कानाखाली वाजवला. ध्वनिमुद्रण गढूळ, बेस गढूळ, एकूण परिणाम गढूळ. गिटारला जी धार असते ती कुठेच नाही, कोणीतरी स्पीकरवर गोधडी टाकून ठेवल्यासारखं वाटतं.

आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. गोधडी मीच टाकली होती. मुद्दाम, विचार करून, नागपूरच्या स्टुडिओवाल्याशी दोन दिवस भांडून. पण हे मी त्या लेखाखाली लिहायला गेलो असतो तर हात दाखवून अवलक्षण झालं असतं. म्हणून गप्प बसलो. आता सांगतो.

माझे बाबा उघड्या कोळसा खाणीत ब्लास्टिंगच्या टोळीत होते. त्यांचं काम भोंग्याचं आणि झेंडीचं. रोज दुपारी सुरुंग उडवायच्या आधी ते तुटक तुटक भोंगा वाजवायचे आणि लाल झेंडी दाखवायचे. मग धडाका. मग धूळ खाली बसायची, टोळीतला जाणकार माणूस आत फिरून सगळं पाहून यायचा, आणि त्यानंतर बाबा एकच लांब भोंगा द्यायचे आणि हिरवी झेंडी दाखवायचे. त्या लांब भोंग्याला आमच्याकडे ऑल क्लिअर म्हणतात. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारीसुद्धा ऑल क्लिअरच म्हणते.

आमची वस्ती खाणीपासून इतकी जवळ की तुटक भोंगा झाला की घराघरांतून माणसं रस्त्यावर येतात. घरं जुनी, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं, भिंतींना भेगा. धडाक्याने एखादं कवेलू डोक्यात पडू नये म्हणून ही पद्धत. कधी कोणी घालून दिली, कोणाला माहीत नाही. बाया भातावर झाकण ठेवतात, लेकरू कडेवर घेतात आणि बाहेर येतात. नवी सून आली की तिला कुलदैवताच्या आधी हे शिकवतात. सगळे रस्त्यावर उभे राहून गप्पा मारतात, धडाका होतो, पायाखाली जमीन हलते, तरी कोणी आत जात नाही. लांब भोंगा झाला की मगच आत. नवरा-बायकोचं भांडण अर्धवट राहिलेलं असेल तर ते ऑल क्लिअरनंतर पुढे सुरू होतं.

खाणीत कानात घालायला बोळे मिळायचे. बाबा एका कानातला काढून खिशात ठेवायचे. घरी आई ओरडायची, तर म्हणायचे, "दोन्ही कान बंद केले अन् खड्ड्यातून कोणी आवाज देल्ला तर मले कसं आयकू येईन?" त्यांच्या अख्ख्या नोकरीत त्यांच्या पाळीत कोणाला खरचटलंही नाही. कान मात्र गेले.

ते एकदम गेले नाहीत. निवृत्तीनंतर हळूहळू आईचा आवाज ऐकू येईनासा झाला. आईचा आवाज बारीक आहे. ती म्हणायची, "इतके वर्ष आयकलं नाई, आता कारण भेटलं." मग घराची घंटा, मग कुकरची शिट्टी. चंद्रपूरच्या डॉक्टरने कानांचा आलेख काढला आणि मला बोटाने दाखवला. वरचे बारीक आवाज जवळजवळ संपलेत, खालचे जाड आवाज अजून शिल्लक आहेत, तेही उतरतील. किती दिवसांत, ते त्याला सांगता येत नव्हतं. कानात घालायचं यंत्र दिलं. बाबांनी ते आठ दिवस घातलं आणि शिवणकामाच्या डब्यात सुया-दोऱ्यांसोबत ठेवून दिलं. त्यात भांडी फार वाजतात म्हणाले.

त्या आलेखाचा कागद घेऊन मी दवाखान्याबाहेर उभा होतो आणि किती दिवस उरले असतील ते मोजत होतो. कारण बाबांनी माझी गिटार कधी पूर्ण ऐकलेली नव्हती.

मी मोटारी वायंडिंग करतो. शेतातल्या पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. थंडीत झाडीपट्टीच्या नाटकांना गिटार वाजवायला जातो आणि उन्हाळ्यात लग्नांच्या ऑर्केस्ट्रात. ब्लूज मला दुकानातच मिळालं. सिमेंट कारखान्यातल्या एका साहेबाने टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला होता, सोबत कॅसेटींचा एक डबा. त्याची बदली झाली, तो आलाच नाही. टेप सुधारला की नाही हे पाहायला मी त्या कॅसेटी लावल्या आणि पंधरा दिवस दुसरं काही लावलं नाही. अमेरिकेतल्या कष्टकरी काळ्या माणसांचं संगीत आहे हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की बारा घरांची, म्हणजे बारा ठरलेल्या तुकड्यांची, एक चाल आहे, तीन सूर आहेत, तेच ते पुन्हा पुन्हा फिरतं आणि तरी कंटाळा येत नाही. पाळीवर जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

बाबा गिटारला "तुणतुण" म्हणायचे. विरोध केला नाही, शाबासकीही दिली नाही. माझं तरुण रक्त, मला विरोध चालला असता. एकदा गोंडपिपरीला आमचं नाटक होतं. बाबा त्या बाजूला सोयरिकीच्या कामाने गेले होते, ते अचानक नाटकाला येऊन बसले. मी रंगमंचासमोर वादकांच्या जागेत होतो, तिथून ते मला दिसले. दुसऱ्या अंकात मला गिटारचा एक मोठा तुकडा वाजवायचा होता. मी मनात म्हटलं, आज दाखवतोच. तुकडा वाजवला, लोकांनी वन्स मोअर दिला, पुन्हा वाजवला, आणि मान वळवून पाहिलं तर बाबांची जागा रिकामी.

मी ते त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण मी स्वभावाने तिरसट आहे, असल्या गोष्टी मी लोणच्यासारख्या मुरवून ठेवतो. वीस-बावीस वर्षं ती रिकामी जागा माझ्या डोक्यात होती. अल्बम करायचा अल्बम करायचा असं मी तितकीच वर्षं म्हणत होतो आणि चालढकल करत होतो. आता डॉक्टरच्या त्या आलेखाने मला मुदत घालून दिली.

रेकॉर्डिंग केलं माझ्या दोस्ताच्या दुकानामागच्या खोलीत. दोस्त स्पीकरचे बॉक्स बनवतो. त्याचे वडील सुतार, आजोबा सुतार, हा लाकडात आवाज भरतो. लग्नात छातीत धडधडणारे जे मोठे डीजे बॉक्स असतात, ते आमच्या भागात बहुतेक त्याच्याच हातचे. घरात नमाज चुकवत नाही आणि दुकानात शिवी चुकवत नाही, असा माणूस. त्याला मी आलेख दाखवला. त्याने सुताराच्या पेन्सिलने त्यावर एक उभी रेघ मारली आणि म्हणाला, "भाई, याच्या अल्याडचं, खालचं, तेवढं आपलं. वरचं विसरून जा. चच्चाले कानानं नाई, छातीनं आयकवू."

मग आम्ही कामाला लागलो. वरोऱ्याच्या जिनिंगमधून रद्दी कापूस आणला, पोत्यांत भरला आणि ती पोती खोलीच्या भिंतींना टांगली, म्हणजे रस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ नयेत. मी गिटारच्या तारा सैल करून खालच्या सुरात आणल्या. बारीक तारांना हात लावायचा नाही असं ठरवलं. गिटारवाल्याला हे सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला मिठाशिवाय कर म्हणण्यासारखं. पहिले काही दिवस मी वैतागून गिटार पोत्यावर फेकायचो. पुढे सवय झाली. खालच्या तारांवर बोटं सावकाश चालवावी लागतात, आणि सावकाश चालवलं की लबाडी करता येत नाही.

रोज दुपारी भोंगा झाला की आम्ही काम थांबवायचो, बाहेर रस्त्यावर उभे राहायचो, ऑल क्लिअर झाला की परत आत. एक दिवस मी चौथं गाणं वाजवत होतो आणि ते असं काही लागलं होतं की मला सोडवेना. तुटक भोंगा सुरू झाला. दोस्ताने दारातून हात केला. मी मान हलवली, नाही. तो कपाळावर हात मारून बाहेर गेला. मी एकटा आत वाजवत राहिलो. पोती लावूनही भोंगा बारीकसा आत येतच होता, आणि गंमत म्हणजे तो माझ्या चालीत बसला. नंतर धडाका झाला. फळीवरचे पाने-पकडी खणखणले, छताची माती माझ्या मानेवर पडली, तरी मी धूळ बसेपर्यंत वाजवतच राहिलो, आणि मग शेवटचा सूर सोडून दिला. तो बराच वेळ घुमत होता. तेवढ्यात लांब भोंगा झाला.

संध्याकाळी ते ऐकताना आम्हा दोघांच्याही अंगावर काटा आला. तुटक भोंगा आणि धडाका ठेवायचं ठरलं. लांब भोंगा मात्र पार बेसूर होता, माझा शेवटचा सूर घुमत असताना मध्येच घुसायचा. तेवढा मी कापून टाकला. त्या कापण्याबद्दल मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं होतं.

मिक्सिंगसाठी नागपूरला गेलो. तिथला स्टुडिओवाला भला माणूस, पण त्याला कान होते हीच अडचण. तो वरचे आवाज उघडायचा, मी बंद करायला लावायचो. "दादा, तुमची गिटार मी विहिरीत टाकू का?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, टाका. शेवटी त्याने अल्बमच्या माहितीत स्वतःचं नाव टाकू नका अशी विनंती केली. बाबांचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दया दाखवली असती आणि मला ती नको होती. हा माझा गाढवपणा.

अल्बम तयार झाला आणि मी सगळ्यात आधी काय केलं? इंटरनेटवर टाकला. ज्याच्यासाठी केला त्याला ऐकवला नाही. दोस्ताचे मोठे बॉक्स लग्नसराईत बाहेर गेलेत असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. बाबा पुन्हा मध्येच उठून गेले तर?

मग तो 'गढूळ'वाला लेख आला. त्यात चौथ्या गाण्यातल्या भोंग्याचं मात्र कौतुक होतं. औद्योगिक जीवनाचं प्रतीक म्हणून संगणकावर तयार केलेला आवाज कल्पकतेने वापरला आहे, असं. ऑर्केस्ट्रातले माझे सोबती म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण नाचाचं गाणं कुठी आहे?" गडचिरोलीकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याने कळवलं की भाऊ, चिखलणी करताना लावतो, इंजिनाच्या आवाजातही पोटात जाणवते. मला मिळालेली तेवढीच चांगली प्रतिक्रिया. मी लेख आईला वाचून दाखवला आणि चार शिव्या घातल्या. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याच्यासाठी केलं त्याले आयकव ना पयले. त्या शहरातल्या माणसाचे कान चांगले आहेत, त्याले तू काऊन हवा?"

पुढच्या रविवारी दुपारी दोस्त दोन मोठे बॉक्स टेम्पोत घालून घेऊन आला. अंगणात लावले. शेजारचे आले, बाबांच्या टोळीतले चार-पाच म्हातारे आले, बाया आल्या, खुर्च्या कमी पडल्या म्हणून सतरंजी टाकली. आईने चहा केला. बाबांना मी बॉक्सच्या अगदी शेजारी खुर्चीवर बसवलं आणि त्यांचा हात धरून लाकडावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे, हे काय? मी म्हटलं, असू द्या.

पहिलं गाणं लागलं. बाबांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्यांचा पायाचा अंगठा हलायला लागला. आधी मला वाटलं डास चावला. पण तो चालीवर हलत होता. दुसऱ्या गाण्यात त्यांनी दुसराही हात बॉक्सवर ठेवला. मी उगाच वायर नीट करत खाली वाकलो. दोस्त माझ्याकडे पाहून भुवया उडवत होता. तिसरं गाणं झालं. चौथं लागलं.

चौथ्या गाण्यात तुटक भोंगा आला आणि अख्खं अंगण उठलं.

बायांनी लेकरं उचलली, एकीने चहाच्या भांड्यावर ताटली ठेवली, म्हाताऱ्यांनी काठ्या घेतल्या आणि सगळे फाटकातून बाहेर रस्त्यावर. माझी आई बाहेर. ज्याने ते रेकॉर्डिंग स्वतः केलं तो माझा दोस्तही सवयीने चार पावलं गेला, थांबला, आणि मग "अब निकलाच हूँ तो" म्हणत तोही बाहेर गेला. रविवार होता. रविवारी खाणीत ब्लास्टिंग नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण पाय डोक्याला विचारत नाहीत.

अंगणात राहिलो मी आणि बाबा. बाबांना भोंगा ऐकूच आला नव्हता. ज्या माणसाने तीस वर्षं तो वाजवला, त्याच्यापासून हातभर अंतरावर तो वाजला आणि त्याची पापणी हलली नाही. ते दोन्ही हात बॉक्सवर ठेवून बसले होते. धडाका झाला, तो हातांना कळला असावा, कारण त्यांनी मान वर केली. आणि तेव्हा त्यांना रिकाम्या खुर्च्या दिसल्या.

"काऊन गेले सारे?" त्यांनी विचारलं. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, तो रस्त्यापर्यंत गेला. मी काही सांगायच्या आत ते उठून उभे राहिले. चेहरा लाल. "आवडलं नाई का? मंग चहा पेवाले आले होते का? पोट्टा इतक्या मेहनतीनं वाजवून राह्यला अन् हे उठून चालले!" मग माझ्याकडे वळून, तितक्याच मोठ्याने, "मी गेलो होतो ना गोंडपिपरीले, मले सकाळच्या पाळीले जायचं होतं. शेवटची गाडी निघून राह्यली होती. ह्यायले कोणती पाळी आहे?"

मी तिथेच सतरंजीवर बसलो. इतकी वर्षं मुरवलेलं लोणचं एका वाक्यात संपलं. त्यांनाही ती रिकामी जागा आठवत होती. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. आणि आम्ही दोघं एकाच घरात, ताटाला ताट लावून, वीस वर्षं गप्प होतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बाबा गोंधळले. मी उठून त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जाड आवाजात, शब्द तोडून तोडून सांगितलं, "बाबा, गाण्यात भोंगा आहे. ब्लास्टिंगचा. म्हणून बाहेर गेले."

"खाणीतला? आपला?"

"आपला."

त्यांनी बॉक्सकडे पाहिलं. हातावरची धूळ झटकल्यासारखं केलं. मग रस्त्याकडे पाहिलं. तिकडे सगळे फाटकाबाहेर उभे होते, गप्पा मारत होते, कोणी हसत होतं, पण आत कोणी येत नव्हतं. इकडे पाचवं गाणं मोकळ्या खुर्च्यांसमोर सुरू झालेलं होतं.

"अन् मंगचा?" बाबांनी विचारलं.

"मंगचा कोणता?"

"लांब. ऑल क्लिअर."

"तो काढला."

"काऊन?"

"सुरात नव्हता."

आयुष्यात माझ्यावर टीका करणारे पुष्कळ भेटले, पण त्या क्षणी बाबांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं कोणी पाहिलं नाही. "भोंगा सुरात राह्यते का बे?" ते म्हणाले. "तू तुटक देल्ला, धडाका देल्ला, लोकायले घराबाहेर काढलं, अन् ऑल क्लिअर देल्ला नाई? मंग ते आत कसे येतीन? संध्याकाळवरी उभे राहतीन का तिथी?"

मी जाऊन पाचवं गाणं बंद केलं.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणातल्या दोरीवर आईने वाळत घातलेला हिरवा टॉवेल होता. तो त्यांनी ओढला, फाटकाशी गेले, ताठ उभे राहिले आणि हात वर करून टॉवेल दोनदा हलवला. मग त्यांच्या टोळीतला सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत आत आला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग सगळे. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. आई म्हणाली, "ओला टॉवेल आहे तो." बाबांना ते ऐकू आलं नाही.

ते परत खुर्चीवर बसले, हात बॉक्सवर ठेवले आणि मला म्हणाले, "लाव. पयल्यापासून."

आम्ही सगळं पहिल्यापासून ऐकलं. चौथ्या गाण्यात भोंगा आला तेव्हा चार-दोन जण अर्धवट उठले, पण बाबा बसलेले पाहून खाली बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहून बोटाने खूण केली, आत्ता, हा आत्ता वाजतोय. त्यांनी मान डोलावली. सातही गाणी संपली तेव्हा मी विचारलं, "कसं वाटलं?"

"खालचं चांगलं आहे," ते म्हणाले. "वरचं मले मालूम नाई."

एवढं प्रामाणिक परीक्षण मी दुसरं वाचलेलं नाही.

त्या आठवड्यात मी आणि दोस्ताने कापलेला लांब भोंगा शोधून काढला आणि चौथ्या गाण्याच्या शेवटी परत लावला. माझा सूर घुमत असताना तो मध्येच घुसतो, बेसूर, लांबलचक. नागपूरच्या स्टुडिओवाल्याने फोनवर फक्त एक उसासा सोडला. यावेळी मी त्याला बाबांचं सांगितलं. तो म्हणाला, आता माझं नाव टाकलं तरी चालेल. इंटरनेटवर जुनं गाणं काढून नवं टाकलं. 'गढूळ'वाल्याने त्याची दखल घेतली नाही. ट्रॅक्टरवाल्याने घेतली. त्याने विचारलं की भाऊ, शेवटी ते काय वाजते, मी घाबरून इंजिन बंद केलं.

हे होऊन आता काही वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं, खालचे आवाजही उतरत गेले. गेल्या पावसाळ्यापासून बाबांना ढगांचा गडगडाट ऐकू येत नाही. दोस्ताने त्यांच्या मापाचा एक लहान बॉक्स बनवून दिला आहे, तो पलंगाशेजारी असतो. ते कधी कधी मला बोलावतात आणि चार बोटं दाखवतात. मी चौथं गाणं लावतो. ते तळवा लाकडावर ठेवतात आणि डोळे मिटतात.

सुरुवातीला गाणं संपलं की ते विचारायचे, "देल्ला का?" मी कानाशी वाकून सांगायचो, "देल्ला." मग "ठीक" म्हणायचे. आता सांगून उपयोग नाही, त्यांना माझाही आवाज ऐकू येत नाही. धडाका हाताला लागला की ते डोळे उघडून माझ्याकडे पाहतात आणि वाट बघतात. लांब भोंगा पुरा वाजू देतो, मग मी दोरीवरचा हिरवा टॉवेल काढतो, त्यांच्यासमोर उभा राहतो आणि दोनदा हलवतो. तेव्हा ते बॉक्सवरून हात काढतात.